घरगुती स्वच्छतेची द्रावणं: आधी डाग ओळखा, मग बाटली उचला

तुमचा प्रश्न मला असा समजला. घरात रांगतं बाळ आहे, तुम्हाला स्वतःला दम्याचा त्रास आहे आणि बाजारातला फवारा मारला की खोकला सुरू होतो. म्हणून तुम्ही व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून बाटलीत भरून ठेवता आणि सगळीकडे तेच वापरता. फेस भरपूर येतो, पण ओट्यावरचा चिकटा निघत नाही, नळावरचे पांढरे डाग तसेच राहतात. त्याने जंतू मरतात की नाही अशीही शंका आहे. तुम्हाला सगळ्या कामांना चालेल असं एकच सुरक्षित मिश्रण हवं आहे.

तसं एकच मिश्रण नाही. ते का नाही हे एकदा कळलं की बाकीचं बरंच सोपं होतं. मी घरसफाईचं काम करते आणि नव्याने येणाऱ्यांना ते शिकवतेही. पहिल्या दिवसापासून त्यांना मी एकच सवय लावते: डागावर काहीही ओतण्याआधी तो कशाचा आहे हे स्वतःला विचारायचं. तेलाचा, क्षाराचा, रंगाचा की बुरशीचा? उत्तर मिळालं की पदार्थ आपोआप ठरतो, आणि तो बहुतेक वेळा साधा आणि सौम्य असतो. उत्तर न शोधता ओतत सुटलं तर घरगुती द्रावणही वाया जातं आणि कारखान्यातलं तीव्र द्रावणही. मग लोक आणखी तीव्र काहीतरी आणतात. तुमच्या छातीला होणारा त्रास इथूनच सुरू होतो.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत. पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, आहे की हलकं, फरशी आणि ओटा कोणत्या दगडाचा, भांडी कशाची, नळावर कसला मुलामा, यांवर पुढच्या काही सल्ल्यांत फरक पडेल. जिथे पडतो तिथे सांगेन.

आधी फवाऱ्याबद्दल, कारण तो सोडण्याचा तुमचा निर्णय मला पूर्ण पटतो. नॉर्वेतल्या बर्गन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६,००० हून अधिक लोकांच्या फुप्फुसांची क्षमता त्यात सुमारे २० वर्षांच्या काळात मोजली गेली होती. घरात किंवा नोकरी म्हणून सफाई करणाऱ्या स्त्रियांमध्ये ही क्षमता, सफाई न करणाऱ्या स्त्रियांपेक्षा, जास्त वेगाने घटलेली दिसली. अशा अभ्यासावरून एखाद्या बाटलीला दोषी ठरवता येत नाही. पण फवाऱ्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि श्वासातून आत जातात, हे तर आपण रोज अनुभवतो. म्हणून माझ्याकडचा पहिला नियम पदार्थाचा नाही, पद्धतीचा आहे: द्रावण हवेत उडवायचं नाही, फडक्यावर ओतायचं आणि फडक्याने पुसायचं. द्रावण घरी केलेलं असलं तरी हा नियम बदलत नाही. व्हिनेगरची वाफही दमेकऱ्याच्या श्वासनलिकेला झोंबते, म्हणून तुमच्या बाबतीत मी व्हिनेगरपेक्षा सायट्रिक आम्ल निवडेन. त्याला वास नाही आणि ते हवेत उडत नाही. मात्र त्याची पूड बारीक असते, तेव्हा ती पाण्यात टाकताना तोंड जरा लांब ठेवा.

आता तुमच्या मिश्रणाकडे येते. व्हिनेगर हे आम्ल आहे. खाण्याचा सोडा त्याच्या उलट स्वभावाचा, म्हणजे अल्कधर्मी. दोन्ही एकत्र आले की एकमेकांचा जोर संपवतात. त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, तोच तो फेस. मागे उरतं ते पाणी आणि सोडियम अॅसिटेट नावाचं एक क्षार. ५ टक्के आम्ल असलेल्या १०० मिलिलिटर व्हिनेगरमध्ये सुमारे ५ ग्रॅम अॅसिटिक आम्ल असतं. ते पुरतं संपवायला अवघा ७ ग्रॅम सोडा, म्हणजे जेमतेम दीड चहाचा चमचा लागतो. दोन्ही वस्तू एकेकट्या उपयोगी आहेत. एका बाटलीत घातल्या की सौम्य खारट पाणी उरतं. त्या पाण्याने थोडं काही पुसलं जात असेल तर ते फडक्याचं आणि हाताच्या जोराचं श्रेय. शिवाय असं मिश्रण ताजं असताना झाकण घट्ट लावलं तर आतल्या वायूचा दाब वाढून बाटली फुटू शकते. जे भरून ठेवलं असेल ते मोरीत ओतून द्या. त्याने काही बिघडणार नाही.

एक गैरसमज इथेच दूर करते. खाण्याचा सोडा नैसर्गिक आणि बाटलीतलं ते केमिकल, अशी विभागणी करून निर्णय घेऊ नका. खाण्याचा सोडा आणि धुण्याचा सोडा जगात मोठ्या प्रमाणावर कारखान्यांतच तयार होतात. एर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६० च्या दशकात रुळवलेल्या पद्धतीत मीठ, चुनखडी आणि अमोनिया वापरून सोडा काढतात. काही ठिकाणी तो ट्रोना नावाच्या खनिजापासून मिळवतात. दुसरीकडे, जमिनीतून मिळणारा बोरॅक्स अनेक घरगुती पाककृतींत निर्धास्तपणे सांगितला जातो, पण युरोपीय संघाने त्याची गणना प्रजननक्षमतेला घातक पदार्थांत केली आहे. रांगतं बाळ असलेल्या घरात मी तो वापरत नाही आणि कोणाला वापरू देत नाही. पदार्थ कुठून आला यापेक्षा तो किती तीव्र आहे, हवेत उडतो का, पृष्ठभागावर काय सोडून जातो आणि चुकून पोटात गेला तर काय होईल, हे प्रश्न जास्त कामाचे आहेत.

घरातली बहुतेक घाण चार प्रकारांत बसते. तेलकट चिकटा साबणाने आणि अल्कलीने, म्हणजे सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाने सुटतो. पाण्याचे पांढरे क्षार आणि गंज आम्लाने विरघळतात. चहा, हळद, फळं यांचे रंग आणि बुरशीचे काळे ठिपके ऑक्सिजन सोडणाऱ्या पदार्थांनी फिके पडतात. आणि धूळ, माती, सांडलेलं दूध यांना नुसतं पाणी, फडकं आणि वेळ पुरतो. या चौथ्या प्रकारावर लोक सगळ्यात जास्त द्रावण खर्च करतात, आणि तिथेच त्याची गरज सगळ्यात कमी असते.

ओट्यावरचा चिकटा म्हणजे नुसतं तेल नसतं. तेलाचे कण गरम हवेबरोबर उडून भिंतीवर, कपाटांच्या दारांवर, पंख्याच्या पात्यांवर बसतात. काही दिवसांत हवेतल्या ऑक्सिजनशी त्यांची क्रिया होते आणि ते घट्ट, पिवळट, राळेसारखे होतात. ताजं तेल आणि हा जुना राप यांना एकच औषध चालत नाही. ताज्या तेलासाठी कोमट पाण्यात थोडा द्रवरूप साबण पुरे. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलात शिरतं, दुसरं पाण्याला धरून राहतं, त्यामुळे तेलाचे बारीक गोळे होऊन ते पाण्याबरोबर निघून जातं. व्हिनेगर हे काम करू शकत नाही. आम्लात तेल विरघळत नाही, म्हणून ओट्यावर तुम्हाला यश येत नव्हतं.

जुन्या रापासाठी धुण्याचा सोडा घ्या, म्हणजे सोडियम कार्बोनेट. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा अंक, साधारण ८ च्या थोडा वर असतो, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. पीएचच्या मोजपट्टीवर प्रत्येक अंक दहापट फरक दाखवतो, तेव्हा दोन्हींच्या ताकदीत किती अंतर आहे ते लक्षात येईल. एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा विरघळवा, हातात रबरी मोजे घाला, फडकं त्यात पिळून चिकट जागेवर चिकटवून ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं दुसरं काम करा. हा थांबण्याचा भाग लोक गाळतात आणि मग जोर लावून घासतात. अल्कली तेलाच्या काही भागाचं साबणात रूपांतर करते आणि जुना थर मऊ करते, पण त्याला वेळ हवा असतो. नंतर साबणाच्या पाण्याने पुसा आणि शेवटी दोनदा साध्या पाण्याने. चिमणीची जाळी स्टीलची असेल तर अशाच गरम पाण्यात बुडवून ठेवता येते.

धुण्याचा सोडा कुठे वापरू नये हे त्याहून महत्त्वाचं. अॅल्युमिनियमची भांडी, कढई, जाळी त्याने काळी पडतात, कारण अल्कली त्या धातूला खाते. लाकडाचं पॉलिश आणि काही रंगवलेले पृष्ठभागही खराब होतात. आणि ही पूड डोळ्यात किंवा तोंडात गेली तर चांगलीच भाजते. तुमच्या घरात ती बाळाच्या हाताला न लागेल अशा उंच आणि कडीच्या कपाटातच हवी.

खाण्याच्या सोड्याला मी कमी लेखत नाही. थोड्या पाण्यात कालवून त्याची घट्ट पेस्ट केली की ती उत्तम सौम्य घासणी होते. कण मऊ असल्याने स्टीलच्या सिंकवर, चहाच्या कपांच्या आतल्या तपकिरी थरावर, इस्त्रीच्या गार झालेल्या तळावर ओरखडे न पाडता काम होतं. फ्रिजमधले आंबट वास तो ओढून घेतो, कारण ते बरेचदा आम्लधर्मी असतात. बाळाने गादीवर उलटी केली तर आधी पाण्याने टिपून घ्या, मग सोडा भुरभुरवा, वाळू द्या आणि झटकून टाका. झटकताना बाळ त्या खोलीत नको आणि तुम्हीही नाक-तोंड झाका.

आता साबण. घरगुती पाककृतींत वनस्पती तेलाच्या साबणात व्हिनेगर घालायला सांगतात, ते टाळा. आम्ल साबणाला फोडतं, त्यातली मेदाम्लं सुटी होऊन पांढरा, दह्यासारखा साका वर येतो आणि तो तुम्ही ओट्यावर पसरवत बसता. जड पाण्यात साध्या साबणाची आणखी एक अडचण असते. पाण्यातल्या कॅल्शियमशी मिळून त्याचा न विरघळणारा राखाडी थर तयार होतो. भांडी घासायच्या सौम्य द्रवाला ही अडचण बरीच कमी येते. तुमचं पाणी जड असेल तर बिनवासाचा, बिनरंगाचा असा द्रव थेंबभर वापरा असंच मी सांगेन, तो घरी केलेला नसला तरी. अर्ध्या बादलीला एक चहाचा चमचा पुरतो. जास्त घातला तर फरशी चिकट होते, तिच्यावर धूळ लवकर बसते, आणि मग द्रवच निकामी आहे असं वाटतं.

रिठ्यांचं पाणीही याच गटात येतं. रिठ्यात सॅपोनिन असतं, त्यामुळे फेस होतो आणि हलकी घाण सुटते. लोकरी आणि रेशमी कपड्यांना ते खरोखर मानवतं. जुन्या तेलकट थरावर ते कमी पडतं, आणि उकळून ठेवलेलं पाणी काही दिवसांत आंबतं. थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा. डोळ्यांना ते चांगलंच झोंबतं, हेही ध्यानात असू द्या.

नळावरचे, शॉवरवरचे, काचेवरचे पांढरे डाग हे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडीच. इथे आम्लच हवं. सोडा आणि साबण कितीही घासा, डाग हलणार नाही, कारण तोही अल्कधर्मी आहे. एक लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक आम्ल विरघळवा. जुनं फडकं त्यात भिजवून नळाभोवती गुंडाळा आणि पंधरा ते वीस मिनिटांनी काढा. थर जाड असेल तर हेच दोन-तीनदा करा, पण रात्रभर गुंडाळून ठेवू नका. मुलामा पातळ किंवा कुठे उडालेला असेल तर आम्ल खालच्या धातूला लागतं. शॉवरची तोटी काढता येत असेल तर भांड्यात बुडवा, नसेल तर द्रावण भरलेली पिशवी तिच्याभोवती बांधा. पाणी तापवायच्या किटलीत एक लिटर पाण्याला एक मोठा चमचा सायट्रिक आम्ल घाला, पाणी गरम करून वीस मिनिटं तसंच ठेवा, ओतून द्या आणि नंतर साधं पाणी उकळून ते फेकून द्या. आम्ल घालून जोरात उकळू नका. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि पुन्हा तळाला बसू शकतं.

इथे दगडाचा प्रश्न येतो, आणि या एका ठिकाणी मी सगळ्यांना थांबवून सांगते. संगमरवर आणि चुनखडीचे दगड त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे बनलेले असतात. डाग विरघळवणारं आम्ल दगडालाही विरघळवतं. लिंबाचा थेंब संगमरवरावर पडून राहिला की जो निस्तेज ठसा उमटतो, तो डाग नसतो. तिथली चकाकीच गेलेली असते, आणि ती पुसून परत येत नाही. त्याला पॉलिशच करावं लागतं. टाइल्सच्या मधली सिमेंटची भरणसुद्धा आम्लाने हळूहळू झिजते. दगड कोणता हे माहीत नसेल तर कपाटाखाली, दिसणार नाही अशा कोपऱ्यात आम्लाचा एक थेंब टाकून बघा. बुडबुडे आले किंवा पाच मिनिटांनी पुसल्यावर ठसा राहिला तर त्या दगडावर आम्ल कायमचं बंद. त्याला फक्त सौम्य साबणाचं पाणी. लिंबाचा रस, व्हिनेगर, आंबवलेलं सालींचं पाणी, सगळ्यांना हा नियम लागू आहे.

न्हाणीघरातल्या भिंतीवरचा राखाडी, मेणचट थर थोडा वेगळा. तो साबण आणि जड पाणी यांच्यातून तयार झालेला असतो, म्हणजे अर्धा क्षार आणि अर्धा मेद. एकट्या आम्लाने किंवा एकट्या साबणाने तो पूर्ण निघत नाही. इथे मी दोन्ही वापरते, पण एकामागून एक. आधी सायट्रिक आम्लाचं पाणी लावून दहा मिनिटं थांबायचं, मऊ ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुऊन टाकायचं. मग गरम पाण्यातला धुण्याचा सोडा किंवा भांड्यांचा द्रव लावून सुटलेला मेद काढायचा. मधलं धुणं गाळलं तर पुन्हा एकमेकांचा जोर संपवण्याचाच प्रकार होतो.

रंगाचे डाग आणि बुरशी यांच्यासाठी ऑक्सिजनवाले पदार्थ. सोडियम परकार्बोनेटची पांढरी पूड, जिला ऑक्सिजन ब्लीच म्हणतात, गरम पाण्यात पडली की तिच्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा तयार होतो. ४० अंश सेल्सियसच्या वर ती चांगली काम करते, गार पाण्यात सुस्त असते. पिवळे पडलेले सुती कपडे, बाळाची लंगोटं, चहाने काळवंडलेली भांडी यांच्यासाठी हिच्याइतकी कामाची वस्तू माझ्याकडे दुसरी नाही. लोकर आणि रेशमाला ती लावू नका. हातात मोजे घाला. द्रावण लागेल तेवढंच करा आणि बंद बाटलीत कधीही ठेवू नका, कारण त्यातून वायू सुटत राहतो. रक्ताचा डाग असेल तर आधी गार पाणी. गरम पाण्याने त्यातली प्रथिनं घट्ट होतात आणि डाग पक्का बसतो.

बुरशीच्या काळ्या ठिपक्यांवर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावून दहा मिनिटं ओलं ठेवावं, मग घासून पुसावं. पण दमा असताना हे काम तुम्ही करू नका. घासताना बुरशीचे कण उडतात, तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणी तोंडावर मास्क लावून आणि खिडकी उघडून करावं. आणि भिंतीत पाणी झिरपत असेल, न्हाणीघराला हवा खेळत नसेल तर बुरशी परत येणारच. तिथे पैसे आणि कष्ट गळती बंद करण्यावर घालवा.

जंतूंचा मुद्दा मी मुद्दाम मागे ठेवला, कारण सगळ्यात जास्त भीती त्याचीच असते. स्वच्छ करणं आणि निर्जंतुक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. साबण-पाण्याने पुसताना जंतूंचा मोठा भाग घाणीबरोबर निघून जातो, आणि रोजच्या घरासाठी तेवढं पुरतं. व्हिनेगर काही जीवाणूंना मारतं, पण सगळ्यांना नाही, आणि भरवशाने तर नाहीच. खाण्याचा सोडा निर्जंतुक करत नाही. निर्जंतुकीकरणाची खरी गरज मोजक्या वेळी पडते: कच्चं मांस कापल्यावर, घरात उलट्या-जुलाब सुरू असताना, कोणाची प्रतिकारशक्ती खूप कमी असताना. तेव्हाही आधी साबणाने स्वच्छ करायचं, कारण घाणीच्या थरावर निर्जंतुकाची ताकद खर्च होऊन जाते. त्यानंतर ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा सुमारे ७० टक्क्यांचं अल्कोहोल. पेरॉक्साइडला पृष्ठभाग दहा मिनिटं ओला राहणं गरजेचं आहे. अल्कोहोल पेटतं, म्हणून शेगडीजवळ ते नको. पेरॉक्साइड उजेडाने निकामी होतं, तेव्हा ते त्याच्या मूळच्या गडद बाटलीतच ठेवा.

उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस असेल तर मात्र घरगुती काहीही उपयोगी पडत नाही. त्याच्यावर अल्कोहोलसुद्धा नीट चालत नाही. तिथे क्लोरीनचं ब्लीचच लागतं, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, खिडक्या उघड्या ठेवून, आणि तुमच्याऐवजी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून. एरवी सौम्य गोष्टींवर भर देणारी मी, या एका वेळी ब्लीचला नाही म्हणत नाही.

ब्लीच घरात असेल तर हे पाठच करा. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू, सायट्रिक आम्ल किंवा संडासाचं आम्लयुक्त द्रावण पडलं की क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काच-पुसणीत पडलं तर क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसांना इजा करतात, आणि दमेकऱ्यासाठी बंद न्हाणीघरात हा प्रसंग जिवावर बेतू शकतो. अल्कोहोलमध्येही ब्लीच मिसळू नका. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि व्हिनेगर एका बाटलीत घातले तर पेरअॅसिटिक आम्ल तयार होतं, तेही डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतं. संडासात सायट्रिक आम्ल टाकायचं असेल तर आधीचं ब्लीच पाणी सोडून पूर्ण वाहून गेल्याची खात्री करा. ब्लीच आणि आम्ल वेगवेगळ्या दिवशी वापरायचं, असाच नियम मी शिकवते.

संडासाच्या भांड्यातल्या पिवळट-तपकिरी कड्यासाठी रात्री तीन-चार मोठे चमचे सायट्रिक आम्ल टाका आणि सकाळी ब्रशने घासा. तुंबलेल्या मोरीत सोडा-व्हिनेगरचा फेस ओतून फारसं काही होत नाही. केसांचा गुंता हुक घालून ओढूनच काढावा लागतो, आणि बाकीचं काम रबरी पंपाने होतं. काचेला एक भाग व्हिनेगर, दहा भाग पाणी आणि न धागे सोडणारं मायक्रोफायबरचं फडकं. व्हिनेगर सोसत नसेल तर नुसत्या पाण्याने ओलं करून कोरड्या फडक्याने पुसलं तरी काच झकास निघते.

फळांच्या साली आंबवून केलेल्या पाण्याबद्दल हल्ली बरंच ऐकायला मिळतं: एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी आणि तीन महिने. आंबवण्यातून तयार होतं ते मुख्यतः सौम्य आम्ल. त्यामुळे ते क्षारांवर आणि वासांवर थोडं काम करतं, साली वाया जात नाहीत, हे चांगलंच आहे. पण प्रत्येक वेळी त्याची ताकद वेगळी निघते आणि त्यात आणखी काय वाढलं आहे हे घरी कळत नाही. वर बुरशी आली तर फेकून द्या. बाळ रांगतं त्या फरशीवर मी ते वापरणार नाही. बाटलीचं झाकण पहिले काही आठवडे रोज सैल करावं लागतं. सुगंधी तेलं तर तुम्ही टाळाच. वासाचे रेणू हवेत उडतात म्हणूनच आपल्याला वास येतो, आणि दम्यात नेमकं तेच नको असतं. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर टी ट्री तेल त्यांना विषारी ठरतं.

बाळाच्या फरशीसाठी माझं उत्तर कदाचित फारच साधं वाटेल. केर ओल्या फडक्याने उचला, कोमट पाण्यात अगदी थोडा बिनवासाचा द्रव घालून पुसा, मग स्वच्छ पाण्याने आणखी एकदा पुसा, कारण बाळाचे हात फरशीवरून थेट तोंडात जातात. फरशी वाळेपर्यंत त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा. पोतेरं रोज धुऊन कडक वाळवा. ओलं, कुबट फडकं फिरवून फरशी स्वच्छ होत नाही, मग बादलीत काहीही घातलेलं असो.

सगळ्या बाटल्यांवर आत काय आहे आणि कधी भरलं हे लिहा. पाण्याच्या किंवा सरबताच्या जुन्या बाटलीत द्रावण कधीही भरू नका. घरातली माणसंही तहानेच्या घाईत फसतात, बाळाचं तर सोडाच. पातळ द्रावणं आठवड्याच्या आत संपतील एवढीच करा, कारण त्यात टिकवणारं काही नसतं. चुकून काही पोटात गेलं तर उलटी करवू नका. तोंड पाण्याने पुसा आणि बाटली सोबत घेऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

सुरुवात करायची तर बिनवासाचा भांड्यांचा द्रव, सायट्रिक आम्ल, खाण्याचा सोडा आणि दोन-चार चांगली फडकी एवढंच आणा. धुण्याचा सोडा आणि परकार्बोनेट नंतर, गरज पडली तर. एकेक वस्तू वापरून बघा आणि खोकला कशाने येतो ते लिहून ठेवा. झाडू मारताना उडणारी धूळ आणि गादीतले बारीक धूळकिडे यांनीही दमा बळावतो, तेव्हा कोरड्या झाडण्याऐवजी ओलं पुसणं सुरू करा. द्रावणं बदलूनही दोन-तीन आठवड्यांत खोकला तसाच राहिला तर ती नोंद घेऊन छातीच्या डॉक्टरांना भेटा. घरात काय वापरता आणि कुठे ओल आहे, हे दोन्ही त्यांना आठवणीने सांगा.